मुकी पायताणं

उंब्रजला आमच्या घरी पाहुणा आला की त्याला आधी पाणी द्यायचं की आधी डोणीपासून लांब ओढायचं, हा आयपुढचा नेहमीचा प्रश्न असे. दाराच्या उजव्या हाताला दगडी डोणी होती आणि तिच्यात चामडं भिजत पडलेलं असे. नवखा माणूस हमखास तिच्या काठावर टेकायचा, मग वास आला की उठायचा, आणि उठल्यावर आपण वासामुळे उठलो नाही असं दाखवण्यासाठी आभाळाकडे बघत राहायचा. आमची आळी गावाच्या खालच्या अंगाला होती ती या वासामुळेच, असं वरच्या आळीतले लोक सांगत. वास होताच, नाही कशाला म्हणू? पण त्या लोकांच्या पायांत आमचीच पायताणं असत, आणि ती घालून मिरवताना त्यांना कधी वास आल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. तेव्हा मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो, फक्त आता वयामुळे तो लवकर दमतो.

घरात आम्ही पाच माणसं. दादा म्हणजे माझे वडील, आय, दादांचे धाकटे भाऊ तात्या, माझी थोरली बहीण हिराआक्का आणि मी शालन. तात्यांचं लग्न झालं नव्हतं, आणि त्याचं खापर ते मोठ्या भावाच्या स्वभावावर फोडत. दादा आणि तात्या ओटीवर बसून कापायचे, शिवायचे. चामडं मऊ करायचं काम आम्हा बायकांचं, आणि त्यातही माझं, कारण आक्काचं चित्त कामात कमी आणि नकलांमध्ये जास्त असे. कराडच्या बाजारातून बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं यायचं ते शिळ्या भाकरीसारखं कडक. ते रात्रभर डोणीत टाकायचं. सकाळी बाहेर काढून पायांनी तुडवायचं, दोरीवर सावलीत टाकायचं, आणि हाताला गार लागेल एवढीच ओल उरली की फळीच्या कडेवरून इकडून तिकडे ओढत बसायचं. तेल लावायचं ते याच वेळी, कोमट करडईचं. पार वाळल्यावर तेल वरच राहतं, आत उतरत नाही. दादा येऊन अंगठ्याचं नख रोवून बघायचे. नखाचा ठसा उमटून हळूहळू पुसला गेला तर चामडं तयार. पुसला गेला नाही तर दादा माझ्याकडे बघत, आणि मी पुन्हा फळीकडे.

माझी नात सांगलीला असते. तिनं अलीकडे मोबाईलवर बघून चामड्याची पाकिटं करायचा छंद लावून घेतला आहे. परवा तिनं मला विचारलं, "आजी, लेदर मऊ करायला किती मिनिटं लागतात?" मी म्हटलं, माझं बालपण लागलं. तिनं ते हसण्यावारी नेलं, आणि मीही जाऊ दिलं.

दादांचं नाव मऊ चामड्यासाठी नव्हतं, ते होतं आवाजासाठी. करकर वाजणारं पायताण करावं तर उंब्रजच्या दादांनी, असं पार म्हसवडच्या यात्रेपर्यंत लोक बोलायचे. तळव्याच्या दोन थरांमध्ये विंचवाच्या झाडाचं बी अशा बेतानं बसवायचं की पाऊल पडलं की करर् आणि उचललं की करर्. दादा जोड तयार झाला की कानाशी धरून वाकवून बघायचे, गवई तंबोरा लावतो तसे. त्या आवाजाला गावात मोठं काम होतं. सासरा वेशीतून आत शिरला की घरातल्या सुनांना कळायचं. पदर डोक्यावर जायचे, बोलणी थांबायची, कुणाची नालस्ती चालली असेल तर ती भाकरीच्या पिठात दडपली जायची. कर्ता पुरुष न वाजता घरात येणं हे आमच्याकडे दार न वाजवता येण्यासारखंच मानत. दादा स्वतः तर एवढे वाजायचे की बाजारातून निघाले की आय चहाचं आधण ठेवायची.

आक्काचं लग्न ठरायला आलं ते तासगावला. मुलगा मारुती, एसटीत कंडक्टर. तो कराड-तासगाव गाडीवर असताना आक्का आणि मी मावशीकडे निघालो होतो. गाडी खचाखच भरलेली, आणि त्यानं एका द्राक्षवाल्या व्यापाऱ्याला उठवून आक्काला खिडकीजवळ बसवलं. मला मात्र व्यापाऱ्याच्या टोपल्यावर. तिकीट देताना त्यानं आक्काकडे बघितलं नाही, एवढं कटाक्षानं बघितलं नाही की मलासुद्धा कळलं. पुढं चौकशी झाली तर निघाले आमच्यातलेच. त्यांच्याकडून मागणं आलं तेव्हा आक्कानं ना हो म्हटलं ना नाही, पण त्या दिवशी तिनं भाजीत मीठ दोनदा घातलं आणि आय म्हणाली, "व्हय म्हनली."

मुलाचे वडील लष्करात बूट शिवणारे होते. निवृत्त होऊन आले तरी अंगातली फौज काही निवृत्त झाली नव्हती. आम्ही त्यांना फौजीमामा म्हणायचो. बायको कधीच वारलेली, घरात विधवा बहीण आणि दोन लेकी. ते बोलणी करायला आले ते बेदाण्यांची पिशवी घेऊन, आणि चहा पिता पिता त्यांनी आमच्या ओटीची पाहणी केली. चामडं टोचायची आरी कुठं ठेवावी, धागा कसा मेणवावा, सगळ्याला त्यांचं एकच पालुपद, "हमारे युनिट में ऐसा नहीं चलता!" दादा तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मग युनिटातच ऱ्हायाचं." सुदैवानं ते फक्त तात्यांना ऐकू गेलं, आणि तात्यांना खोकल्याची उबळ आली.

देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र फौजीमामा एकदम वेगळ्याच आवाजात बोलले. "पाव्हणं, मला काय नको. भांडं नको, सोनं नको. जलमभर दुसऱ्यांचं बूट शिवलं. आता तुमच्या हातचा एक करकर वाजनारा जोड पायजे. सुपारीच्या दिवशी तो पायात घालून मांडवात चालीन. येवढंच." दादांची छाती फुगली. आत दाराआड आक्कानं माझा हात एवढ्या जोरात दाबला की बांगडी पिचली. एका जोडावर तिचं लग्न होतं, आणि तो जोड दादांच्या हातात होता. म्हणजे झालंच की, असं आम्हाला वाटलं.

दादांनी माप घेतलं तेव्हा अडचण कळली. बुटात राहून राहून फौजीमामांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याशी हाडाचं चांगलं टेंगूळ आलं होतं, आणि ते त्या पायावर दबकत चालायचे. नेहमीच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या साच्यावर, केलेला जोड तिथं चावलाच असता. मग दादांनी लाकडी फर्म्यावर चामड्याचे कपटे चिकटवून चिकटवून तसंच टेंगूळ उभं केलं. पट्ट्याचं चामडं भिजवून त्याच्यावर ताणलं, दोरीनं आवळलं आणि सावलीत ठेवून दिलं. वाळल्यावर दोरी सोडली तर पट्ट्याला नेमका तो फुगवटा आलेला. दादा त्याच्याकडे बघत म्हणाले, "वल्लं चामडं आन ल्हान पोर, बसवंल तसं बसतं." हे ते नेहमी म्हणत. आम्हा दोघी बहिणींच्या बाबतीत याचा पडताळा त्यांना कधीच आला नाही, पण म्हणायचं काही सोडलं नाही.

जोड तयार झाला. दादांनी तो घालून ओटीवर फेरी मारली. काय आवाज होता तो! शेजारच्या घरातली म्हातारी पदर सावरून बाहेर आली, कोण पाहुणा आला म्हणून. दादांनी पायताणं पुसून फडक्यात गुंडाळली, वरच्या फळीवर ठेवली आणि सगळ्यांना बजावलं, "ह्या जोडाला आता तेलाचा हात येकदाच लागंल, आन तो माझा. आवाज कोरड्या चामड्याचा असतोय. कुनी बोट लावायचं न्हाई." आम्ही माना हलवल्या. सुपारीला अजून काही दिवस होते, आणि त्या दिवसांत आमचं घर इतकं शहाण्यासारखं वागलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सुपारीच्या दिवशी अंगणात मांडव घातला. लाऊडस्पीकर लावला होता तो असा कर्कश की हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवणं सोडलं. तासगावकर आले, पाय धुतले, आणि दादांनी स्वतः वाकून फौजीमामांच्या पायात जोड चढवला. डावा पाय अलगद आत गेला. फौजीमामांचा चेहरा असा सैलावला, जणू कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतलं. ते मांडवभर फिरले. छाती काढून, मिशीला हात लावत. पाऊल टाकलं की लोकांकडे बघायचे. लोकही कौतुकानं माना डोलवायचे. आवाज कुणालाच येत नव्हता, पण लाऊडस्पीकर चालू असताना येईल कसा, असं ज्याचं त्याचं समाधान. सुपारी फुटायची होती जरा वेळानं, भटजी दुसऱ्या गावाहून यायचे होते.

मागच्या अंगाला चुलीपाशी आम्ही बायका पुरणाच्या कामात. फौजीमामांच्या दोन लेकीही येऊन बसल्या होत्या, पण बोलत नव्हत्या. कुठं पाऊल वाजलं की दोघी दचकायच्या. त्यांना हसवावं म्हणून आक्का उठली. तिनं पदराचा फेटा बांधला, लाटणं काखेत दंडुक्यासारखं धरलं, आणि उजवा पाय दबकत चुलीभोवती फेरी सुरू केली. "ये पुरनपोली है या टोपी? हमारे युनिट में ऐसा नहीं चलता! जवान, कटाची आमटी हाजिर करो!" त्या दोघी पोरी आधी घाबरून एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की धाकटीला ठसका लागला. आय हसता हसता म्हणत होती, "बास गं हिरे, व्याह्यानं ऐकलं तर," आणि डोळे पुसत होती.

व्याह्यानं ऐकलं होतं. फौजीमामा हात धुवायला मागं आले होते आणि दाराच्या चौकटीत उभे होते. सगळ्यात आधी मी बघितलं. मग धाकट्या लेकीनं बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं. एकेक करून सगळ्या गप्प झाल्या. आक्का तेवढी पाठमोरी. ती वळली ती लाटणं काखेतच धरून, थेट होणाऱ्या सासऱ्याच्या पुढ्यात. गेलं लग्न, असंच मनात आलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आक्कापेक्षा त्या कंडक्टरचं वाईट वाटलं.

फौजीमामांनी आक्काकडे वरून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "उजवा न्हाई. डावा."

कुणाला काही कळलं नाही.

"टेंगूळ डाव्या पायाला हाय. दबकायचं तर डाव्यावर दबक. नक्कल करायची तर नीट करावी." एवढं बोलून ते उंबऱ्यावर बसले, एक पायताण काढलं, कानाशी धरून वाकवलं. पुन्हा वाकवलं. मग नाकाशी नेलं. "हे वाजत का न्हाई गं? आन ह्याला चमेलीचा वास कशाचा?"

दादांना बोलावणं गेलं. दादा आले, त्यांनी पायताण हातात घेतलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. चामडं हातात लोण्यासारखं वाकत होतं. "तेल," दादा म्हणाले. "कुनी लावलं?" चुलीवर पुरण करपायला लागलं होतं, तरी कुणी हललं नाही. शेवटी आक्का म्हणाली, "मी. डोक्याचं चमेलीचं. येकदाच. तितं चावू न्हाई म्हनून." आय म्हणाली, "आवं, मी बी जरा खोबरेल चोपडलं. चावनारं पायताण आन चावनारा व्याही नकोच बाई." म्हटल्यावर तिच्या ध्यानात आलं की व्याही पुढ्यातच बसलेत, आणि तिनं पदर तोंडात कोंबला. तात्यांनी एरंडेल लावलं होतं. मी करडईचं लावलं होतं, माझं रोजचंच काम म्हणून. दादा एकेकाकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि आम्ही वाट बघत होतो. "मी बी," दादा खालच्या आवाजात म्हणाले, "दोनदा लावलं. त्या टेंगळाचं मन खात हुतं."

तासगावच्या थोरल्या लेकीला हसू फुटलं. फौजीमामांनी तिच्याकडे वळून बघितलं तशी ती पुन्हा गप्प झाली. त्यांनी ते नीट बघितलं, तिचं गप्प होणं. माझ्या आठवणीत त्या दिवसातलं तेवढं अगदी स्पष्ट राहिलं आहे.

पण दादांचं वेगळंच चालू झालं होतं. "द्या तो जोड इकडं. उसवतो, वाळवतो, नवं बी घालतो. लग्नापातूर वाजवून दिऊ."

"नको. ऱ्हाऊ द्या," फौजीमामा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या कसं? तासगावात माझ्या नावाचं मुकं पायताण फिरनार? लोक तोंडात श्यान घालत्याल माझ्या."

"पायताण माझं हाय, पाव्हणं."

"नाव माझं हाय!"

इथं खरी पंचाईत झाली. ज्या माणसानं लग्न मोडायचं तो मोडत नव्हता, आणि ज्यानं ते होऊ द्यायचं तो पायताण हातात धरून अडून बसला होता. दुसरं पायताण फौजीमामांनी पायात घट्ट धरलेलं. तेवढ्यात लाऊडस्पीकरवाल्याची तबकडी संपली, आणि "नाव माझं हाय" हे मांडवातल्या सगळ्यांनी ऐकलं. माणसं मागच्या दाराशी गोळा झाली. मारुती सगळ्यांच्या मागून टाचा उंचावून बघत होता. आक्का चुलीपाशी उभी होती, हातात लाटणं तसंच. तिचे डोळे भरले होते, आणि आता तिला कुणाची नक्कल सुचण्यासारखी नव्हती.

फौजीमामांनी आवाज खाली आणला. "पाव्हणं, ऐका. फौजेत बुटाला खिळं असायचं. घरी आलो तरी त्येच बूट. दारात पाऊल पडलं की माझ्या घरात समदं गपगार. मला वाटायचं माझी मानसंच मुकी हायत. ह्या पोरी हसत्यात, ह्ये मला आज कळलं. ह्या पोरी, माझ्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तो तिथंच ठेवला.

दादांनी तरी पायताण सोडलं नाही. तेव्हा आक्का पुढं झाली. आमच्याकडे सुपारीच्या दिवशी नवरी मुलगी पुरुषांपुढं तोंड उघडत नाही. आक्कानं उघडलं. "दादा, द्या त्यांचं त्यांना. मला त्या घरात नांदायचं हाय. ते आल्यालं न्हाई कळलं तर न्हाई. मी तोंडावर बोलीन आन तोंडावर हासीन, मग मागनं कोन का येईना." मग सासऱ्याकडे वळून म्हणाली, "चालंल न्हवं, मामंजी?"

"डावा पाय तेवढा ध्येनात ठिव," फौजीमामा म्हणाले.

दादांनी पायताण खाली ठेवलं. ठेवताना ते त्यांच्या पायाच्या दिशेनं नीट वळवून ठेवलं, ही हातची सवय. भटजी आले, सुपारी फुटली, आणि सगळ्यांनी करपलेल्या पुरणाच्या पोळ्या चांगल्या झाल्यात म्हणून खाल्ल्या. तात्यांनी तर मागून घेतल्या. नंतर लोक विचारत, "दादा, व्याह्याचा जोड वाजत न्हाई म्हनं?" तर दादा सांगत, "तो फौजेतला हाय. त्येला दबा धरून चालायची सवय." अब्रू अशी सांभाळावी लागते.

लग्न झालं आणि आक्का पहिल्या सणाला माहेरी आली. संध्याकाळची आम्ही चुलीपाशी बसलो होतो, मी, आय, आक्का. दादा ओटीवर आरी घेऊन, पण कान आत. शेवटी त्यांनी तिथूनच विचारलं, "व्याही कसं हायत?"

"काय सांगू दादा," आक्का म्हणाली. "कवा येत्यात कळत न्हाई. आन आलं तर जात न्हाईत. चुलीपाशी पाट घिऊन बसत्यात. आमी काय बोलाय लागलो की गोष्ट संपायच्या आधीच हासत्यात. त्यांच्या भनीचं, आत्याबाईंचं, तर कामच हुईना. काल मला म्हनले, 'हिरा, माझी कर की गं नक्कल.' मी म्हनलं, 'मामंजी, भाकरी करपत्यात.'"

"आसं हाय तर," दादा म्हणाले, "वाजनारा दुसरा जोड करून दिऊ का?"

"नको!" आक्का एवढ्या पटकन म्हणाली की आयनं वर बघितलं. आक्काचा आवाज एकदम मऊ झाला. "बसू द्या, दादा. इतक्या वर्सांत त्यांना कुनी बस म्हनलंच नव्हतं."

ओटीवरची आरी थांबली. मग दादा उठून आत आले, आणि जेवणाची वेळ झालेली नसताना आयच्या शेजारी भुईवर बसले. आमच्या घरात हे कधी घडलं नव्हतं. आय गडबडली. "काय पायजे?"

"काय न्हाई," दादा म्हणाले. "बोला तुमी."

आणि अर्थातच त्यानंतर आमच्यापैकी एकीलाही काही बोलायला सुचेना.